नळदुर्ग, नाताळ आणि विलायतेची डाक

सोलापुराहून हैदराबादेकडे जाणाऱ्या हमरस्त्यानें सुमारें तीस मैल गेलें म्हणजे बोरी नदीच्या कांठीं नळदुर्गचा किल्ला लागतो. पावसाळ्यांत बंधाऱ्यावरून 'नर' आणि 'मादी' ह्या दोन धारा कोसळूं लागल्या कीं आसपासच्या गांवांतून व सोलापुराहून माणसांची रीघ लागते. दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या कारकीर्दींत बंधाऱ्याच्या पोटांत बांधलेल्या पाणीमहालांत उभें राहावें, पुढें पडणारा पाण्याचा पडदा पाहावा, कारागिराची वाहवा करावी आणि झाडाखालीं शिदोरी सोडून परत निघावें, असा बहुतेकांचा क्रम असतो. विद्यार्थ्यांच्या तुकड्या घेऊन आम्हींही तो पुष्कळदां पाळला आहे. परंतु ज्या गोष्टीकडे आज आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों, ती पाहावयास किल्ला चढण्याचें कारण नाहीं. येथून एके काळीं विलायतेस पत्रें जात असत; आणि वर्षांतून एकदां, आपली दिवाळी सरते न सरते तोंच, नाताळाचें पत्र डाकेंत घालण्याची वेळ येई.

१८५३ च्या मे महिन्यांत निजामसरकार व ईस्ट इंडिया कंपनी यांच्यामध्यें तह झाला. कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटीं तुंबलेल्या देण्याकरितां निजामानें वऱ्हाड, रायचूरचा दुआब आणि धाराशिव-नळदुर्गचा पश्चिमेकडील मुलूख कंपनीच्या हवालीं केला. त्यांपैकीं दुआब व नळदुर्ग हे भाग १८६० च्या तहानें निजामास परत मिळाले. म्हणजे आजचा धाराशिव जिल्हा—२०२३ सालीं हें जुनें नांव सरकारी दप्तरांत त्यास पुन्हां मिळालें—उणींपुरीं सात वर्षें इंग्रजी अंमलाखालीं होता. एवढ्याशा कालखंडाकडे इतिहासकारांनीं फारसें पाहिलेलें नाहीं. आम्हांसही त्याची गोडी लागली ती तहनाम्यामुळें नव्हे. नळदुर्गास पहिला डेप्युटी कमिशनर म्हणून जो गृहस्थ आला, त्याच्यामुळें.

हे गृहस्थ म्हणजे कॅप्टन फिलिप मेडोज टेलर. इंग्रजी वाङ्मयाच्या वाचकांस हें नांव 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ह्या १८३९ सालच्या कादंबरीमुळें ठाऊक असतें. १८०८ सालीं लिव्हरपुलास त्यांचा जन्म झाला. १८२४ सालीं, वयाच्या पंधराव्या वर्षीं, मुंबईच्या एका इंग्रज व्यापाऱ्याच्या पेढींत भागीदारी मिळेल ह्या आशेनें त्यांस जहाजावर चढविण्यांत आलें. येथें येऊन पाहतात तों पेढी खालावलेली. अखेर ओळखीच्या एका अधिकाऱ्याच्या खटपटीनें निजामाच्या फौजेंत त्यांस जागा मिळाली. कंपनीच्या नोकरांस जी बढती, जो मान व जें पेन्शन असे, तें निजामाच्या गोऱ्या नोकरांस नसे. ही गोष्ट त्यांस जन्मभर नडली. घर सोडल्यावर घराचें पुन्हां दर्शन झालें तें १८३८ सालीं, चौदा वर्षांनंतर. पंधराव्या वर्षीं निघालेला मुलगा लग्न झालेला, तिशीच्या घरांतला पुरुष होऊन आईबापांपुढें उभा राहिला. मधल्या चौदा वर्षांत त्याला जें घर होतें, तें पाकिटांतून येई.

त्यांच्या पत्नी मेरी ह्या हैदराबादचे सावकार विल्यम पामर यांच्या कन्या. ह्या पामर घराण्याचा वृत्तांत मराठी वाचकांस परका वाटूं नये. विल्यमचे वडील जनरल पामर हे दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारीं पुण्यास रेसिडेंट होते, आणि विल्यमची आई फैज बक्ष बेगम ही मुसलमान खानदानी स्त्री होती. लखनौस असतांना काढविलेलें ह्या कुटुंबाचें एक तैलचित्र प्रसिद्ध आहे: मध्यें लाल डगल्यांतला जनरल, शेजारीं बेगम, भोंवतीं मुलें व दाया. टेलरसाहेबांच्या मुली त्या बेगमेच्या पणत्या. मेरीबाई सुरपूरच्या काळांत वारल्या. मुली विलायतेंत वाढूं लागल्या. त्यांचे आजोबा पामर हैदराबादेस, वडिलांकडचे आप्त समुद्रापलीकडे आणि वडील मध्यें नळदुर्गास. कुटुंब एकत्र नांदतें म्हणजे काय, ह्याची आपली जी कल्पना आहे तींत हें चित्र कोठें बसवावें हें आम्हांस सुचत नाहीं. तरीही तें कुटुंब होतें, आणि तुटलें नाहीं.

सुरपूरचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट सांगून टाकतों. नळदुर्गास येण्यापूर्वीं टेलर दहाबारा वर्षें त्या लहानशा बेरड संस्थानाचा कारभार पाहत होते. तेथील अल्पवयी राजा वेंकटप्पा नाईक त्यांस 'अप्पा' म्हणून हांक मारी. स्वतःच्या मुलींच्या तोंडची हांक ऐकूं न येणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या मुलानें बाप म्हणावें, यांतला चटका सांगण्यास इतिहासकार लागत नाहीं. पुढें १८५७–५८ च्या धामधुमींत ह्याच राजानें बंड केलें, तो धरला गेला, आणि शिक्षा सौम्य होऊन कैदेंत नेला जात असतांना गोळी लागून मेला. टेलरसाहेब एका सत्तेचे सेवक होते हें वाचकांनीं विसरूं नये. आम्हीही विसरत नाहीं.

आतां नाताळाकडे वळूं. 'नाताळ' हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला. हैदराबादच्या मुलखांत त्यास 'बडा दिन' म्हणत. त्या दिवशीं हाताखालच्या मंडळींनीं साहेबाच्या बंगल्यावर फळफळावळीची व मिठाईची डाली घेऊन जावयाचें, साहेबानें तिला हात लावल्यासारखें करावयाचें, असा इंग्रजी अमदानींत सर्वत्र परिपाठ होता. डालीचा दिवस म्हणजे साहेबाच्या दाराशीं सर्वांत अधिक गर्दी आणि त्यांत घरचें असें एकही माणूस नाहीं. ज्या सणाची सारी गोडी घरांत आहे, तो दिवाणखान्यांत साजरा करावयाचा, हें त्या अधिकाऱ्यांच्या नशिबीं आलेलें असे.

शिवाय नाताळ हा पूर्वींपासून असाच घरगुती सण होता, असें जें आपण समजतों तेंही पुरतें खरें नाहीं. शेकोटीभोंवतीं जमलेलें कुटुंब, शृंगारलेलें झाड, डाकेनें येणारीं रंगीत शुभेच्छापत्रें, हें सर्व रूप त्यास एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आलें. हेन्री कोल यांनीं पहिलें शुभेच्छापत्र छापविलें १८४३ सालीं. डिकन्सचें 'अ ख्रिसमस कॅरल' त्याच वर्षींचें. राणी व्हिक्टोरिया आपल्या यजमानांसह व मुलांसह झाडाभोंवतीं उभी आहे, हें चित्र एका सचित्र साप्ताहिकांत १८४८ सालीं आलें आणि मग घरोघर झाडें दिसूं लागलीं. वाचकांनीं हीं सालें टेलरसाहेबांच्या सालांशीं ताडून पाहावीं. १८२४ मध्यें त्यांनीं घर सोडलें. १८३८ ते १८४० ते रजेवर गेले होते. त्यानंतर एकदम १८६०. म्हणजे ज्या वर्षांत इंग्लंडचा नाताळ नवें रूप घेत होता, त्या वर्षांत ते सुरपुरास व नळदुर्गास होते. त्यांच्या लहानपणचा नाताळ मुलींना माहीत नव्हता आणि मुलींचा नाताळ त्यांनीं पाहिलेला नव्हता. परदेशीं गेलेल्या माणसाची एक ठरलेली चूक असते: आपण सोडलें तसेंच घर अजून असेल, असें तो धरून चालतो. ती चूक दुरुस्त करण्याचें साधन त्या काळीं एकच होतें, तें म्हणजे पत्र.

आणि तें पत्र जाई कसें? नळदुर्गाहून सोलापुरापर्यंत हरकाऱ्याच्या पाठीवर. घुंगूर बांधलेली काठी खळखळवीत तो आपला टप्पा धांवून पुरा करी आणि थैली पुढच्याच्या हवालीं करी. सोलापुराहून पुणें, पुण्याहून बोरघाट उतरून मुंबई. आगगाडी सुरू झाली होती, पण १८५३ च्या एप्रिलांत ती मुंबईहून ठाण्यापर्यंतच धांवली. सोलापुरास ती पोहोंचली १८६० सालीं, आणि तेव्हां टेलरसाहेब नळदुर्गाहून केव्हांच गेलेले होते. मुंबईस थैल्या आगबोटीवर चढत व तांबड्या समुद्रानें सुएझला उतरत. 'ह्यू लिंडसे' ही आगबोट १८३० सालीं ह्या मार्गानें पहिल्यानें गेली तेव्हां तिला एवढ्यास तेहतीस दिवस लागले होते. पुढें आगबोटी सुधारल्या. सुएझचा कालवा १८६९ पूर्वीं नव्हता. म्हणून सुएझहून कैरोपर्यंत वाळवंट तुडवावें, तेथून अलेक्झांड्रिया गांठावें, पुन्हां बोटींत बसून भूमध्यसमुद्र ओलांडावा, आणि मग मार्सेल्सवरून फ्रान्समधून किंवा सरळ साउदम्प्टनला जावें. एकंदर पांच ते सहा आठवडे. केपला वळसा घालून जाणाऱ्या शिडाच्या जहाजांस पूर्वीं चार-पांच महिने लागत, त्या मानानें ही विजेची चपळाई म्हणावयाची.

ह्या हिशेबानें पंचवीस डिसेंबरास पत्र हातीं पडावें असें वाटत असेल, तर तें नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्याच्या आंत नळदुर्गाहून निघालें पाहिजे. तेव्हां येथें कार्तिक असतो. ज्वारीचीं शेतें हिरवीं असतात, तुळजापुराकडील वाड्यांतून दिव्यांच्या ओळी नुकत्याच विझलेल्या असतात, थंडी म्हणावी तशी पडलेली नसते. अशा वेळीं बसून बर्फाच्या दिवसांचें पत्र लिहावयाचें. मुलगी त्या दिवशीं बरी असेल असें धरून लिहावयाचें. जें पत्र समोर आहे तें सप्टेंबरचें. त्यांत खोकला आहे म्हटलें असेल, तर तो खोकला एव्हांना गेला कीं वाढला हें न कळतां नाताळाचा आशीर्वाद द्यावयाचा. त्या आशीर्वादाचें उत्तर होळी जवळ येत असतां मिळावयाचें. लिहिणाऱ्याला एकाच वेळीं दोन काळांत राहावें लागे. आम्हांस वाटतें, कीं कादंबरीकाराची अर्धी शिकवण ह्यांतच होते.

टेलरसाहेबांस डाकेच्या दिवसाची शिस्त आणखीहि एका कारणानें अंगवळणी पडलेली होती. १८४० पासून १८५३ पर्यंत लंडनच्या 'टाइम्स' पत्राचे ते हिंदुस्थानांतील बातमीदार होते. त्या पत्रांत लिहिणारे हेन्री रीव्ह हे त्यांच्या नात्यांतले. रीव्ह पुढें 'एडिंबरो रिव्ह्यू'चे संपादक झाले. त्यांनीं टेलरसाहेबांची पत्रें जपून ठेविलीं. तीं सर पॅट्रिक कॅडेल यांनीं संपादून १९४७ सालीं प्रसिद्ध केलीं. म्हणजे ज्या वर्षीं इंग्रज येथून गेले, त्या वर्षीं एका इंग्रजाचीं घरचीं पत्रें छापून आलीं. आत्मचरित्रांतहि घरीं लिहिलेल्या पत्रांचे उतारे आहेत. आमच्या जिल्ह्याच्या त्या सात वर्षांचें चित्र आज जें कांहीं रेखाटतां येतें, त्यांत सरकारी अहवालांहून जिवंत भाग हा आहे. जमाबंदी, मोजणी, रस्ते, तलाव ह्यांची माहिती दप्तरांत मिळते. त्या रस्त्यावरून जातांना माणसास काय वाटलें तें दप्तरांत मिळत नाहीं.

पण हें लिहीत असतां आमच्या मनाला एक गोष्ट टोंचते. पत्रें काय एकट्या टेलरसाहेबांनींच लिहिलीं? ज्या हरकाऱ्याच्या पाठीवरून तीं गेलीं त्यालाही घर होतें. तुळजापूर तर दूरदूर पांगलेल्या कुटुंबांचें माहेरच. पौष महिन्यांत, म्हणजे नाताळाच्याच मागेंपुढें, तेथें शाकंभरी नवरात्र असतें. देवी मंचकी निद्रेंतून उठून सिंहासनावर बसते आणि कुलस्वामिनीच्या दर्शनास आलेले भाऊबंद वर्षानुवर्षांनीं एकमेकांस पुजाऱ्याच्या ओसरीवर भेटतात. ज्या वेळीं साहेब बंगल्यावर एकटा बसे, त्याच सुमारास दहा कोसांच्या आंत ह्या भेटी होत असत. त्या माणसांची पत्रें कोठें आहेत?

पत्रें होतीं. १ ऑक्टोबर १८५४ पासून पाव तोळ्याचें पत्र अर्ध्या आण्यांत इंग्रजी मुलखांत कोठेंही जाऊं लागलें. अंतराप्रमाणें पैसे मोजण्याची जुनी पद्धति गेली. नळदुर्ग तेव्हां इंग्रजांकडे होतें. पुढें १८६० नंतर हा मुलूख निजामाकडे परत गेला, निजामानें १८६९ पासून आपलीं तिकिटें काढलीं, आणि तीं तिकिटें संस्थानाच्या हद्दीपुरतींच चालत. सोलापूर व तुळजापूर यांत अंतर तीस मैलांचें, पण मध्यें टपालाची सरहद्द पडली. आमच्या आजोबांची एक बहीण हद्दीपलीकडे, तुळजापुराकडील एका खेड्यांत दिलेली होती. तिचीं पत्रें सोलापुरास येत. १९४७–४८ मध्यें रझाकारांच्या दंग्यांत हद्दीवरचीं कुटुंबेंच्या कुटुंबें जीव घेऊन सोलापुराकडे आलीं, तेव्हां कित्येक महिने तिचें अक्षर दिसलें नाहीं. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं हिंदी फौज ह्याच नळदुर्गच्या पुलावरून आंत शिरली. त्यानंतर तिचें जें कार्ड आलें त्याची हकीकत आमच्या घरीं पुढें अनेक वर्षें सांगत असत. कार्ड मात्र आम्हीं पाहिलेलें नाहीं.

पाहिलें असतें, तर तें तारेवर. वाचून झालेलें पत्र ओसरीवरील वांकड्या तारेंत टोंचून ठेवावयाचें, ही आपल्याकडील रीति वयस्क वाचकांस आठवत असेल. मरणाची वार्ता आणणारें कार्ड तेवढें तारेला लागत नसे. तें वाचून लगेच फाडावयाचें. आजोबांच्या मागें वाडा आवरतांना ती तार खालीं निघाली. वाळवीनें खाल्लेलीं, मोडी आणि बाळबोध अशीं दोन्ही लिप्यांतलीं दीड वीत पत्रें तिला होतीं. घरांत इतिहासाचा पदवीधर एकच होता, आणि त्यानें ती इतर रद्दीबरोबर काट्यावर घालूं दिली. तो पदवीधर आज हा लेख लिहीत आहे. टेलरसाहेबांचें आप्तप्रेम आमच्या आजीच्या पिढीहून मोठें नव्हतें. त्यांच्या दुसऱ्या टोंकाला रीव्ह होते आणि मुलगी होती, एवढाच फरक. आणि तो फरक आमच्याकडे आम्हींच पाडला.

असो. टेलरसाहेबांचा मुक्काम तुळजापुरासहि असे. विलायतेस गेल्यावर १८६३ सालीं त्यांनीं 'तारा' ही कादंबरी प्रसिद्ध केली. अफझलखानाच्या स्वारीचा काळ, तुळजापूरचें देऊळ, आणि तेथील एका शास्त्र्याची विधवा मुलगी तारा ही तिची नायिका. तींत इतिहासाच्या चुका काढणें सोपें आहे आणि आमच्या व्यवसायबंधूंनीं त्या काढाव्या. आम्हांस तींत दुसरेंच कांहीं दिसतें. देवळावर हल्ला होतो आणि मुलगी आईबापांपासून तुटते. कथेचा सारा जीव त्या ताटातुटींत आहे. ज्या मनुष्यानें तुळजापूरच्या डोंगरावर बसून समुद्रापलीकडील मुलींस पत्रें लिहिलीं, त्यानें त्या गांवाची गोष्ट रचतांना बाप व मुलगी यांचाच वियोग निवडावा, हा योगायोग असेल. आम्ही तसें मानीत नाहीं.

१८५७ सालीं ह्या डाकेची दुसरी बाजू दिसून आली. मेरठास १० मे रोजीं बंड झालें. लंडनास बातमी कळली ती जूनअखेर. नंतर दर डाकेला कानपूर, दिल्ली, लखनौ. ज्यांचीं माणसें हिंदुस्थानांत होतीं त्या घरांतून वर्तमानपत्र आधीं उघडावें कीं पत्र, हा प्रश्न पडे. कारण पत्र खुशालीचें असलें तरी दीड महिन्यापूर्वींचें. टेलरसाहेबांस ऑगस्टांत नळदुर्गाहून वऱ्हाडांत जाण्याचा हुकूम झाला, तोहि बरोबर फौज नसतां. जिल्हा त्यांनीं शांत ठेविला. पण तो शांत आहे हें घरच्यांस कळावयास नेहमींचेच आठवडे लागत. मुंबईपासून इंग्लंडपर्यंत समुद्रांतून तार पडली ती १८७० सालीं.

प्रकृति ढासळल्यामुळें १८६० सालीं ते विलायतेस परतले आणि डब्लिनजवळ मुलींसह राहूं लागले. त्या घरांत पुस्तकें लिहिलीं गेलीं, आणि मुलींच्या व रीव्ह यांच्या आग्रहानें आत्मचरित्रहि. १८७५ पर्यंत दृष्टि अधू झाली होती. वैद्यांनीं उबदार हवा सुचविली, हैदराबादेहून सर सालारजंगांचें निमंत्रण होतें, म्हणून सदुसष्टीला टेकलेला हा म्हातारा लेकीचा हात धरून पुन्हां हिंदुस्थानांत आला. मुंबईहून सोलापूर, वाडीवरून हैदराबादेपर्यंत लोखंडी सडक आदल्याच वर्षीं पुरी झाली होती. नळदुर्गचा फांटा एका बाजूस ठेवून गाड्या जात-येत होत्या. हैदराबादेस त्यांना रानतापानें धरलें. परतीच्या वाटेवर फ्रान्समध्यें मेन्टन येथें १३ मे १८७६ रोजीं ते वारले. पुढच्या वर्षीं आत्मचरित्र बाहेर पडलें. प्रस्तावना हेन्री रीव्ह यांची होती. संपादिकेचें नांव मुखपृष्ठावर नाहीं. 'त्यांच्या कन्येनें संपादिलेलें' एवढेंच तेथें छापलें आहे.